विणकराला गप्प करणारी घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. देवळातली नव्हे, सभेतली.

माझे पहिले मालक त्सेंडर हे स्वित्झर्लंडमधल्या एका खेड्यातले वकील. गरीब विणकरांसाठी ते कोर्टात जीव तोडून भांडत. विणकरांनीच त्यांना प्रांताच्या विधिमंडळात निवडून दिलं. पुढे ते तिथले अध्यक्ष झाले आणि मी त्यांच्या हाती आले. काय माझा तोरा! भलेभले बडबडे माझ्या एका आवाजाने गप्प बसत.

एकदा एक विणकर सभासद गिरणीत राबणाऱ्या पोरांबद्दल बोलायला उठला. बिचारा फार अडखळत होता. वेळ संपली, त्सेंडरांनी मला वाजवलं. तो बसला, तो पुन्हा कधी बोलायला उठलाच नाही. पुढे त्सेंडर देशाच्या संसदेत गेले, पोरांचे कामाचे तास कमी व्हावेत म्हणून झटले. पण मला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. माझ्याकडे पाहिलं की त्यांची मान खाली जाई.

मग बरीच वर्षं मी जुन्या बाजारात धूळ खात पडले. कायद्याचा इतिहास अभ्यासणाऱ्या प्रबोधने मला उचललं आणि सिंगापूरला, बुकित तिमाहच्या फ्लॅटमध्ये आणलं.

२००७ची भीमजयंती. तिथल्या मराठी मंडळींनी हॉल भाड्याने घेतला होता. प्रबोध सूत्रसंचालक होता, वक्त्याची वेळ संपली की मला वाजवत होता. त्याने त्सेंडरांची सगळी कारकीर्द रंगवून सांगितली, विणकराची गोष्टसुद्धा. टाळ्या पडल्या. मग दौंडहून आलेली त्याची आई, विमल, माइकपाशी गेली. जन्मात पहिल्यांदाच ती चारचौघांत बोलत होती. शाळेत बाई तिला दाराबाहेर बसवत, इथपर्यंत सांगून ती थांबली. शब्द जुळवत राहिली. हॉल रिकामा करायची वेळ झाली होती. प्रबोधने सवयीने मला वाजवलं.

"झालंच होतं माझं," म्हणत ती खाली बसली.

"बाबा, आजी not finished lah!" त्याची लेक एकता ओरडली. प्रबोधचा चेहरा खर्रकन उतरला.

सकाळी चहा घेताना त्याने विचारलं, "आई, चुकलं माझं. काल पुढे काय सांगणार होतीस?"

"तुला ठाऊकच आहे की सगळं," ती म्हणाली. "तुझ्यापाशी काय, केव्हाही बोलेन. मला लोकांपुढे बोलायचं होतं रे."

त्याच आठवड्यात ती दौंडला परतली. प्रबोध अजून माझ्याकडे बघायचं टाळतो.

मित्रांनो, मला खुशाल घासूनपुसून चकचकीत ठेवा. पण कुणी अडखळत बोलत असेल, तर मला हात लावू नका. त्याचं वाक्य पुरं होऊ द्या.