वहिनीचा कॉलम, नणंदेचा सूक्ष्मदर्शक

नणंद-भावजय एकाच प्रयोगशाळेत कामाला असल्या की घरचं भांडण कामावर येतं म्हणतात. इथे उलटं झालं. रात्रीच्या जेवणाला सूक्ष्मदर्शकावर काम करणारी नणंद सगळ्यांदेखत म्हणाली की वहिनीचे नमुने म्हणजे नुसता चुरा असतो. वहिनीला ते झोंबलं. तेव्हापासून ती नमुन्याची डबी नणंदेच्या टेबलावर ठेवायची आणि मुकाट्याने मागे फिरायची.

वहिनी कॉलम बनवायची. काचेच्या बारीक नळीत द्रव भरून ऊब दिली की आत पॉलिमरची पांढरी कांडी तयार व्हायची. घट्ट न झालेला द्रव धुऊन काढला की तिच्यात बारीक छिद्रं उरायची. त्यातून रंगांचं मिश्रण पंपाने ढकललं की एकेक रंग आपापल्या चालीने वेगळा बाहेर पडायला हवा. पण तिचे रंग हातात हात घालून बाहेर येत आणि पंपाला जोरही लागत नसे. छिद्रं मोठी पडली असं धरून तिने प्रमाणं बदलली, ऊब कमी केली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी नाक मुठीत धरून ती सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत गेली.

"वन्सं, जरा बघता का?"

एरवी अगं-तुगं करणारी वहिनी एकदम वन्सं म्हणतेय म्हटल्यावर नणंदेला हसू आलं, पण तिने ते गिळलं. या वेळी कांडी बाहेर ढकलून तोडू नकोस, नळीसकट आडवी कापू, असं तिने सुचवलं. दोघींनी मिळून काप घेतला. पडद्यावर द्राक्षांच्या घडासारखे गोळे दिसले आणि कडेला एक काळी रेघ.

"वहिनी, छिद्रं हवी तशीच आहेत गं. पण कांडी आक्रसलीये. ही बघ काचेलगतची फट. सगळं इथूनच पळतंय."

वहिनीने कपाळावर हात मारला. "आणि कांडी किती अलगद सुटते म्हणून मी खूश व्हायचे!"

मग मात्र दोघी पोट धरून हसल्या.

पुढच्या नळीला वहिनीने आधी आतून असं रसायन लावलं की पॉलिमर काचेला घट्ट चिकटून बसेल. या खेपेला पंपाला चांगलाच जोर लागला. आधी पिवळा थेंब आला, बऱ्याच वेळाने लाल, आणि निळा तर येता येईना. नणंद आपलं काम सोडून त्याची वाट बघत शेजारी बसून राहिली.

संध्याकाळी वहिनीच्या नवऱ्याने स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन दबकत विचारलं, बायको आणि बहीण आता बोलताहेत का एकमेकींशी. आत दोघींच्या गप्पा इतक्या रंगल्या होत्या की त्याचा प्रश्न कुणाला ऐकूच गेला नाही.