मांजरीला खिसा नसतो

भिंगवाल्याच्या दुकानाचं दार आतही उघडायचं आणि बाहेरही. त्यावर एक आठवडा 'ओढा' अशी पाटी असायची, पुढचा आठवडा 'ढकला'. किती गिऱ्हाइकं पाटीप्रमाणे वागतात याची नोंद तो वहीत ठेवायचा. अकरा वर्षांच्या नोंदींवरून निघालेला निष्कर्ष असा, की दहातली सात माणसं पाटी वाचतच नाहीत. "त्यांना कशाला नावं ठेवायची?" तो म्हणायचा. "वाचता आलं असतं तर माझ्याकडे कशाला आली असती?"

माणूस पन्नाशी ओलांडलेला, डोक्यावर केस बेताचेच, पण आत सदानकदा काहीतरी शिजत असायचं. हरवलेला चष्मा शोधायला चष्मा लागतो, मग एकट्या माणसाने करायचं काय? चार पायांचं टेबल डुगडुगतं आणि तीन पायांचं स्टूल कधीच डुगडुगत नाही, हे सुतारांना कुणी सांगितलंय का? असले प्रश्न त्याला भिंगं घासता घासता पडत, आणि एकदा पडले की समोर बसलेल्याची सुटका नसे. दुकानातल्या एका फळीवर बोटभर धूळ होती आणि तिच्यापुढे चिठ्ठी: 'प्रयोग चालू आहे, हात लावू नये.' प्रयोग कसला डोंबलाचा, शुद्ध आळस. पण विज्ञानाचं नाव घेतलं की लोक फडकं खाली ठेवतात, हा त्याचा स्वतःचा शोध. भिंतीवर बाहेर जायच्या दिशेचा बाण काढलेला होता आणि त्याच्यापुढे पाण्याने भरलेली काचेची गोल बरणी. पाण्यातून बाण उलटा दिसायचा आणि नवं गिऱ्हाईक नवा चष्मा लावून थेट अडगळीच्या खोलीत शिरायचं. "प्रकाश वळतो, मग माणसांनी का वळू नये?" असं म्हणत हा डाव्या कानाची पाळी चोळत उभा.

पण सगळ्यावर कडी केली ती डोळे तपासायच्या तक्त्याने. तक्ता त्याने स्वतः बनवलेला, प्रत्येक ओळीची पट्टी वेगळी. सर्वांत खालची ओळ इतकी बारीक की खुर्चीतून ती वाचणं मनुष्यप्राण्याला शक्य नाही. तसं त्याने गणित करून ठरवलं होतं, आणि त्याला कारण होतं. एका सोमवारी त्याने अकरा वर्षांत पहिल्यांदाच चौथ्या ओळीची पट्टी बदलली. शेजारच्या चहावाल्याला आधीच सामील करून घेतलं. गिऱ्हाईक एक डोळा झाकून मोठ्याने वाचू लागायचं, "ए... क... च... हा... द्या," की चहावाला दारातून आत. "हा घ्या."

गिऱ्हाईक चाट पडायचं. "नजर साफ असली की असं होतं," भिंगवाला गंभीर चेहऱ्याने म्हणायचा आणि कानाची पाळी चोळायचा. दुपारपर्यंत पाच चहा खपले.

सहाव्यांदा त्या खुर्चीत बसली ती त्याची ताई. दहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा याला भरवलं, न्हाऊ घातलं, अभ्यासाला बसवलं ते तिनेच. समोरच्या बाजूला तिचं शिवणाचं दुकान, ती आणि तिची सून मिळून चालवायच्या. ताई आली होती चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायला. बोटाला चिंधी बांधलेली. "सुई लागली," म्हणाली, "लागते कधीकधी." तपासणीची त्याला काही पडली नव्हती, त्याला चहाचा डाव टाकायचा होता. म्हणून त्याने तिला आग्रह करकरून बसवलं.

ताईने डोळा झाकला आणि धडाधड वाचलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. मग चौथी. "ग, म, न, र, प."

चहावाला पेला घेऊन दारातच ताटकळला.

"ताई, चौथी परत वाच."

"ग, म, न, र, प. बहिरा झालास का रे छोट्या?"

ती कालपर्यंतची ओळ होती. भिंगवाल्याचं हसू जिथल्या तिथे विरलं. त्याने बॅटरी घेऊन तिच्या डोळ्यांत पाहिलं. बाहुल्या दुधाळ झाल्या होत्या. डॉक्टर नव्हता तो, पण एवढं कळायला डॉक्टर लागत नाही. दरवर्षी ती या खुर्चीत बसून पाठ म्हणून दाखवत होती आणि हा शहाणा पाठ थोपटत होता.

तो तिच्यासमोर बसला. दोन्ही हात टेबलावर ठेवले. "ताई, तुला दिसत नाहीये. तू तक्ता पाठ केलायस. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकलाय. डॉक्टरांकडे जायला हवं, ऑपरेशन लागेल."

ताई त्याच्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. पदराने डोळे पुसेपर्यंत हसली. "काय पण सोंग आणलंस. चहावाल्यालाही कामाला लावलंस. पुढच्या वेळी जरा नवीन काढ काहीतरी." चष्मा घालून ती निघाली. रस्ता ओलांडताना एक सायकल घंटी वाजवत अगदी जवळून गेली, आणि ती दचकली ते सायकल गेल्यावर. दारातून त्याने ते पाहिलं.

"खरं सांगत होता का हो?" चहावाल्याने विचारलं.

"खरं."

"नाही, म्हणजे खरं खरं?"

भिंगवाला स्टुलावर बसला. जन्मभर लोकांना उल्लू बनवलं, त्याचं फळ आज पदरात पडलं होतं. करावं तसं भरावं. पण भरायचं त्याने, भरत होती ताई. कात्री, सुई, गरम इस्त्री, हा रस्ता. त्याला भीती वाटली, साधी, लहान पोराला वाटते तशी.

पुढचे तीन आठवडे त्याने जंग जंग पछाडलं. डोळ्याचं चित्र घेऊन गेला, तर ताई म्हणाली, "यात रबराचा साप कुठे लपवलायस?" ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडून चिठ्ठी आणली, तर तिने ती सुनेला दाखवली. "शिक्का बघ, किती हुबेहूब केलाय." त्याने शपथ घेतली. त्यावर तर ती जास्तच हसली.

शेवटी एका सकाळी भिंगं घासता घासता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. प्रयोगात खोट असेल तर आधी ती काढून टाकायची. आणि या प्रयोगातली खोट होता तो स्वतः.

तो ताईच्या दुकानात गेला. "तुझ्या खणातली बारा रिळं घे," तो म्हणाला. "काही काळी, काही गडद निळी. सुनेने काढायची, मी हात लावणार नाही. मोतीबिंदू असला तर हे दोन रंग वेगळे करता येत नाहीत. तू वेगळे करून दाखव. मी समोरच्या फुटपाथवर उभा राहतो, पाठ करून. बरोबर आली तर जन्मात परत हा विषय काढणार नाही."

"आणि तुझा चहावाला?"

"तोही माझ्याबरोबर."

दोघे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. येणारे-जाणारे बघत होते. यांचं काय बिनसलंय हे कुणाला कळेना. दहा मिनिटांनी सून बाहेर आली. एरवी मामांच्या चेष्टांना तिची साथ असायची, पण आज तिचा चेहरा उतरलेला.

"मामा, सात बरोबर आली."

"बारापैकी?"

"हो. त्यांना तर सगळी बरोबर आल्यासारखी वाटतायत. मला म्हणाल्या, परत बघ. मी तीनदा बघितलं."

बारापैकी सात. नाणं उडवलं असतं तरी सहाएक आलीच असती. भिंगवाला आत गेला तेव्हा ताई रिळं मांडीवर घेऊन बसली होती आणि हसत नव्हती. "गेल्या महिन्यात एका बाईंचा निळा कोट शिवला मी," ती म्हणाली. "काळ्या दोऱ्याने शिवला असेन का रे?" मग म्हणाली, "डोळ्यात सुई घालतात का?"

"भूल देतात. मी बाहेर बसेन."

"बाहेरच बस. आत येऊन डॉक्टरीणबाईंना बाण दाखवू नकोस."

एक डोळा झाला, महिन्याने दुसरा. पट्टी निघाली त्या दिवशी ताईने पहिली चौकशी केली ती घरच्या पडद्यांची. "हे निळे आहेत? मी पाच वर्षं यांना मातकट समजून नावं ठेवतेय." दुसरी चौकशी सुनेच्या केसांची; त्यात दोन पांढरे निघाले आणि घरात तासभर नुसता गोंधळ झाला. दीड महिन्याने जवळचं दिसायचा चष्मा बनला आणि तो घ्यायला ताई भिंगवाल्याच्या खुर्चीत येऊन बसली.

पहिली ओळ. दुसरी. तिसरी. मग ती थांबली, मान जरा पुढे केली. "ए. क. च. हा. द्या."

चहावाला असा धावत आला की निम्मा चहा बशीत. "चार महिने उभा आहे मी या चहासाठी," तो म्हणाला. ताईने एक घोट घेतला. "साखर कमी आहे," म्हणाली, आणि तो खूश होऊन गेला.

"आणि खालची बारीक ओळ?" तिने विचारलं.

"ती खुर्चीतून कुणालाच वाचता येत नाही. गणित आहे त्यामागे."

"खुर्चीतून ना?" ताई उठली, नवा चष्मा नाकावर बसवला आणि तक्त्याला नाक लावून उभी राहिली. उसवलेला टाका शोधणारी बाई ती. भिंगवाला "अगं, अगं" करेपर्यंत तिचं वाचूनही झालं. 'ताईचं गजराचं घड्याळ मांजरीने पाडलं नव्हतं. मी उघडलं होतं.'

सात वर्षांचा असताना, आत वेळ कुठे ठेवलेली असते हे बघायला त्याने ते उघडलं होतं. परत जोडलं तेव्हा तीन चक्रं उरली. घड्याळ चालायचं, पण गजर वाटेल तेव्हा वाजायचा. आळ मांजरीवर गेला. कबुली दिल्याचं समाधान मिळावं आणि ती कुणी वाचूही नये, म्हणून ही ओळ.

"मला तेव्हाच माहीत होतं," ताई म्हणाली. "तुझी चड्डी धुताना खिशात तीन चक्रं सापडली. मांजरीला खिसा असतो का?"

"मग बोलली का नाहीस?"

"किती छान सांगत होतास मांजरीने कशी उडी मारली ते. कानाची पाळी चोळत चोळत." ती परत खुर्चीत बसली. "थाप मारताना तुझा हात डाव्या कानावर जातो. लहानपणापासून."

हे त्याला ठाऊकच नव्हतं. कानाकडे निघालेला हात अर्ध्या वाटेतच थांबला. मग त्याला काहीतरी आठवलं. "पण त्या दिवशी, मोतीबिंदूचं सांगितलं तेव्हा..."

"तेव्हा तुझे दोन्ही हात टेबलावर होते," ताई म्हणाली. "तू खरं बोलतोयस हे मला कळलं. म्हणून तर हसले."

तीन आठवडे भिंगवाला स्वतःला दोष देत होता, कोणी विश्वास ठेवत नाही म्हणून. ती विश्वास ठेवूनच बसली होती, एकटी, घाबरून.

"आता रडू नकोस," ताई म्हणाली. "सगळं स्पष्ट दिसतंय मला." तिने काउंटरवरचा आरसा जवळ ओढला, मान इकडे तिकडे वळवून पाहिलं. "चष्मा शोभतो का रे मला?"

"फार शोभतो."

ताईने आधी त्याच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही काउंटरवर होते.