बिनआवाजाचा फेर

परीक्षक जिना उतरून खाली गेले आणि वरच्या आठ पोरींपैकी सात जणींनी भिंगरीकडे पाहिलं. भिंगरीनं स्वतःच्या पायांकडे पाहिलं, कारण हे दुखणं तिनंच ओढवून आणलं होतं.

त्यांचा नाच या पोत्यांच्या जुन्या कारखान्यातला. भिंगरीची आजी आणि तिच्या मैत्रिणी याच वरच्या मजल्यावर पोती शिवायच्या आणि बरोबर खाली मुकादमाची खोली होती. काम सोडून कुणी उठलेलं त्याला खपायचं नाही. मग बाया सुया पोत्यात खोचायच्या आणि चक्क त्याच्या डोक्यावर नाचायच्या! ना ढोल, ना टाळी. पाऊल आधी बाहेरच्या कडेवर उतरवायचं, मग हळूच अंगठ्यापर्यंत आणायचं. टाच सगळ्यात शेवटी, तीही अलगद. आणि ताल शेजारणीच्या खांद्यावरच्या हातातून यायचा. एकीनं बोटं दाबली की तो दाब खांद्याखांद्यावरून फिरत परत तिच्याकडे.

नदीपलीकडच्या गावातही हाच फेर आहे, हीच वळणं. पण तिथे ढोल वाजतो आणि चौथ्या ठेक्याला सगळे दणकून टाच मारतात. बघणारा खुर्चीतून उडतो.

भिंगरीला ती टाच भारी आवडली. "आत्या, आपला नाच म्हणजे मांजरांची मिरवणूक वाटते गं," नाच शिकवणाऱ्या आत्याला ती दोन महिन्यांपूर्वी म्हणाली होती. "टाळ्या कशा पडणार?"

"मारा मग टाचा," आत्या म्हणाली होती. "माझे गुडघे गेलेत, तोंड तरी कशाला झिजवू?"

मग काय, पोरींनी मजला हादरवून सोडला.

लोकनाचांची नोंद करायला आणि संमेलनासाठी पथकं निवडायला आलेल्या परीक्षकांनी आज तो दणदणाट शांतपणे पाहिला आणि फाइल मिटली. "छान करता. पण हा पलीकडचाच नाच झाला. वेगळी नोंद कशी करू? त्यांचा उपप्रकार म्हणून लिहितो. संमेलनाला तुमच्यातल्या दोघी त्यांच्या पथकातून जातील."

दोघी. म्हणजे सहा जणी घरी. आणि आजीचा नाच पलीकडच्यांच्या नावावर.

तेव्हा कोपऱ्यातल्या स्टुलावरून आत्या बोलली. "साहेब, वेगळा आहे. पण तो बघायचा नाच नाही. तुम्ही खाली मुकादमाच्या खोलीत बसा. पायाचा आवाज आला तर खुशाल उपप्रकार लिहा."

"एकच आला तरी?"

"एकच आला तरी."

ते उतरले तशी भिंगरी कुजबुजली, "आत्या, अगं दोन महिने टाचा मारतोय आम्ही. पाय ऐकणार नाहीत."

"मग मला काय सांगतेस? पायांना सांग."

आत्यानं बोट वर केलं. फेर सुरू झाला.

पहिली फेरी निभावली. कुरकुरणाऱ्या दोन फळ्या सगळ्यांना पाठ होत्या. भिंगरी मनात मोजत होती. चौथा ठेका आला की पोटरी आपोआप ताठ व्हायची आणि ती जीव मुठीत धरून तिला सैल सोडायची. दुसरी फेरी. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला, पुसायला हात मोकळा नव्हता. तिसऱ्या फेरीत वळण आलं, वेग वाढला आणि तिचं मोजणं चुकलं.

टाच वर गेली. आता ती खाली येणार हे भिंगरीला कळलं, पण अंगाचा भार केव्हाच सुटला होता. दगड हातातून निसटल्यावर काय करणार?

टाच आदळली. पण फळीवर नाही. शेजारच्या लंबूनं आपला पाय सरकवून मध्ये घातला होता.

लंबूचं तोंड उघडलं. त्यातून काहीच बाहेर आलं नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं, नखं भिंगरीच्या खांद्यात रुतली, पण पुढचा दाब बरोबर ठेक्यावर आला. भिंगरीनं तो पुढे दिला. चौथी फेरी. पाचवी.

जिन्यावर बूट वाजले.

ऐकलं त्यांनी, भिंगरीला वाटलं. संपलं सगळं. तिनं आत्याकडे पाहिलं. आत्याचं बोट वरच होतं, म्हणून कुणीच थांबलं नाही.

परीक्षक घड्याळाकडे बघत दारात आले. "अहो, पाव तास झाला मी खाली बसलोय. सुरू कधी करणार आहात तुम्ही?"

मग त्यांनी मान वर केली. आठ जणी गरगर फिरत होत्या, वेण्या उडत होत्या, आणि खोलीत फक्त श्वास ऐकू येत होते. ते तसेच उभे राहिले. थोड्या वेळानं वाकले आणि पायातले बूट काढून हातात घेतले.

आत्यानं बोट खाली केलं. परीक्षक फाइल गुडघ्यावर ठेवून तिथेच पायरीवर बसले. भिंगरीनं निर्लज्जपणे त्यांच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. 'उपप्रकार'वर काट मारलेली होती. पुढे लिहिलं होतं, 'स्वतंत्र'. आणि पथकात, आठ.

"लंबू, आठ," ती वळून म्हणाली.

लंबू फळ्यांवर फतकल मारून बसली होती. तिचा अंगठा वांग्यासारखा जांभळा झाला होता.

"आठ काय," ती म्हणाली, "मला पाठीवर घेऊन चल, म्हणजे सातांच्याच भाड्यात होईल."