भिंगरीच्या पंपाची पिशवी

सोमवारी सकाळी कप बशीत ठेवता ठेवता आजींनी निकाल देऊन टाकला.

"तीन दिवस. तीन दिवस ते यंत्र एकदाही न अडखळता चाललं, तर पोरगी शुक्रवारी सहलीला जाईल. अडखळलं, तर सहल बंद, यंत्र बंद, आणि आपलं पूर्वीसारखं सुईनं टोचायचं. झालं."

सून ग्रंथालयात कामाला निघालेली, एक पाय चपलेत. "अहो आई, महिनाभर चाललंय की ते!"

"कुणाच्या जिवावर? त्या बिनतोंडाच्या मंडळाच्या?"

सुनेनं दुसरी चप्पल घातली आणि दार जरा जोरातच ओढलं.

नात अकरा वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. दोन वर्षांपूर्वी तिच्या शरीरानं इन्सुलिन बनवणं सोडलं आणि घराचं घरपण त्या साखरेच्या आकड्यावर येऊन टांगलं. दंडावर साखर मोजणारी चकती, कमरेला इन्सुलिनचा पंप. दोन्ही दुकानातून आणलेले, पण एका छताखाली राहून दोघांची बोलाचाल नाही. चकती आकडा सांगायची, पंप आपलं ठरलेलं औषध सोडत बसायचा, आणि मधे आई-बाप धावायचे. मग सुनेला इंटरनेटवर हे मंडळ सापडलं. सगळे मधुमेहाचेच, नाहीतर त्यांचे आई-बाप. कंपन्यांची वाट बघून कंटाळलेल्या या लोकांनी आपला आपण प्रोग्राम लिहिला होता. फोन चकतीचा आकडा वाचतो, हिशोब करतो आणि पंपाला सांगतो, आता सोड, आता थांब. सुनेनं चार महिने पुस्तकांच्या कपाटामागे बसून ते शिकून घेतलं आणि भिंगरीच्या फोनवर चढवलं.

डॉक्टर म्हणाले, "मी लिहून देऊ शकत नाही. पण आकडे छान आहेत."

आजींचं डोकंच फिरलं. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, हे अर्धं दार उघडं ठेवून उभं राहणं कसलं? आणि मंडळातली माणसं तरी कशी! एकाचंही धड नाव नाही. कुणी 'वेल्डर', कुणी 'तिघांची आई', कुणी नुसता 'साडेसात'. ज्याला आपलं नाव सांगायची लाज वाटते, त्याच्या हाती पोरीचा जीव?

आजींची शाळा चौथीत सुटली, पण पिशव्यांचा कारखाना त्यांनी एका मशीनवरून सहा मशीनवर नेला. डबा गरम राहणाऱ्या पिशव्या. त्यांच्या शिवणीत कुणी चूक काढली, असं अजून झालं नव्हतं. म्हणून भिंगरीचा तो पंप तिच्या बापाच्या जुन्या मोज्यात लटकताना त्यांना बघवायचं नाही. त्यातून नर्स एकदा बोलून गेली होती की उन्हानं इन्सुलिन खराब होतं. मग काय, सोमवारीच आजी मशीनवर बसल्या. निळं कापड, चार थर, पट्ट्याला अडकवायचे दोन बंद, वरून चेन. मोज्यासारखं ओघळणारं काही नाही.

"आजी, कसली भारी आहे!" भिंगरी पिशवी लावून तीनदा गरकन फिरली.

"बाहेर जातानाच लावायची. घरात लावून मळवलीस तर बघ. घरात पंप आपला खिशात ठेव."

मंगळवारी शाळेतून फोन आला. यंत्र बोंबलतंय, पंपाशी संपर्क तुटला. बुधवारी दोनदा तुटला, आणि दुसऱ्या वेळी भिंगरी मैदानावर होती. साखर उतरत होती, पण फोनचं 'थांब' पंपापर्यंत पोचलंच नाही. तो आपला औषध सोडत राहिला. सत्तरच्या खाली जाऊ नये, तिथे अठ्ठावन्नवर आली पोरगी. बाईंनी रस पाजला, पुन्हा वर आली.

"म्हटलं नव्हतं मी?" आजी दारातच म्हणाल्या. म्हणताना बरं वाटलं. मग भिंगरीचे पांढरे ओठ दिसले आणि त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. त्या उगाचच भांडी आपटत राहिल्या.

सून फोनमधे डोकं घालून बसलेली. मंडळ नुसतं तुटून पडलं होतं. कुणी म्हणे सेटिंग बदला, कुणी म्हणे बॅटरी. 'तिघांची आई'नं रजा काढून सगळ्या नोंदी ओळ न ओळ वाचल्या. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं. महिनाभर ठीक होतं, आता घरी चालतं, शाळेत तुटतं, म्हणजे शाळेच्या वायफायमधेच काहीतरी नवा दोष.

"आता शाळेशी भांडा," आजी म्हणाल्या. "माझ्याशी भांडून झालंच आहे."

"आई, मला जरा वाचू द्याल का? प्लीज?"

गुरुवारी दुपारी सून घरी जेवायला आली ती फोन वाचतच. "हा वेल्डर काय विचारतोय बघा. पंप कशात ठेवता म्हणे. धातूचं काही आहे का." तिनं बोलता बोलता उत्तर टाइप केलं. "कापडी पिशवी आहे. सासूबाईंनी शिवलेली. उत्तम शिवण."

उत्तम शिवण. आजींचा घास तोंडातच राहिला.

चार थर. वरून निळं, आतून निळं, मधे फोम. आणि फोमला चिकटवलेला तो कागदासारखा पातळ, चकचकीत धातूचा पत्रा, डब्याच्या पिशवीत असतो तोच. ऊन लागू नये म्हणून. शिवणीच्या आत गेला की दिसत नाही. तो तिथे आहे हे सगळ्या जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

आजी हात धुऊन कारखान्यात गेल्या. तिथे त्यांच्या फोनवरची गाणी छोट्या स्पीकरवर वाजत असत. त्यांनी फोन डब्याच्या पिशवीत टाकला, चेन ओढली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. गाणं अडखळलं. दोन शब्द आले, तीन गेले. मग गप्प.

"मावशी, गाणं का बंद केलंत?" कापड कापणारी म्हणाली.

"तुझं काम कर."

चेन उघडली, गाणं परत सुरू. ओढली, बंद. पाच वेळा करून पाहिलं. पाचव्या वेळी कापडाला दोष द्यावासा वाटला, पण कापड बिचारं काय करणार?

गप्प बसणं सोपं होतं. यंत्र काढलं असतं, शब्द राहिला असता, सुनेची खोड मोडली असती. आणि भिंगरी खिडकीत बसून सहलीची गाडी जाताना बघत बसली असती.

संध्याकाळी सून दारात शिरली, तर टेबलावर निळी पिशवी उसवून उताणी पडलेली, पत्रा वर.

"हे घे. तुमच्या शाळेचं वायफाय."

सुनेला आधी कळेना. कळलं तेव्हा ती खुर्चीत बसली आणि कपाळ धरलं. "आई. तीन दिवस! माणसं रजा काढून बसली हो! मी हेडमास्तरांशी भांडले!"

"त्यांच्याशी भांडायला हवंच होतं. शाळेच्या पाण्याच्या टाकीची तक्रार ते कधी ऐकत नाहीत." आजी भिंतीकडे बघत म्हणाल्या. "आता लिही त्यांना."

"काय लिहू?"

"लिही, पत्रा मी लावला. सुनेचं यंत्र बरोबर, माझी पिशवी चूक. आणि लिही की उन्हाचं मी म्हणते ते खोटं नाही. पंप मोज्यात लटकवणं, ते काही शहाणपण नाही."

"तुमचं नाव काय टाकू?"

आजींनी उसवलेला दोरा बोटाला गुंडाळला. मंडळासमोर एवढी मोठी चूक, आणि वर आपलं नाव?

"सासूबाई टाक."

"आई, आणि सहल? तीन दिवस काही न तुटता गेले नाहीत. शब्द तुमचा..."

"माझा होता ना? मग मीच मोडते. तू कशाला मधे पडतेस?"

शुक्रवारी सकाळी भिंगरी गाडीत चढली. कमरेला नवी पिशवी. पांढरं जाड सुती, आत पत्रा-बित्रा काही नाही. चेनऐवजी बटण. आजींच्या फोनवर सुनेनं पोरीच्या साखरेचा आकडा आणून दिला होता. आकडे आजींना वाचता येत होते, मापाचे काय नि साखरेचे काय. एकशे बारा. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी त्या बघत राहिल्या. एकशे नऊ.

"आई, मंडळात सगळे विचारतायत," सून शेजारून म्हणाली. "पांढऱ्या पिशवीचं माप पाठवाल का?"

"कमरेचा घेर न सांगता पिशवी मागतायत? आणि पंप केवढा, ते कोण सांगणार, त्यांचे वडील?" आजी वैतागल्या. "विचार त्या वेल्डरला. आधी त्याचा घेर घे. निदान प्रश्न तरी शहाणा विचारला त्यानं."

एकशे सात.