गाळलेला ठिपका

रडारवाला म्हणजे मोठा तोऱ्यातला माणूस. विमानतळावर कुणीही विचारो, एवढंसं ड्रोन रडारला दिसतं का हो, की हा छाती फुगवून सांगणार, माझ्या पडद्यावरून माशीसुद्धा सुटत नाही. सुटत नाही कसली! पलीकडच्या कचरा डेपोवर घारी घिरट्या घालायच्या, पडदा ठिपक्यांनी भरून जायचा, आणि हा वैतागून लहान, संथ ठिपके गाळून टाकायचा. तशी परवानगी होती म्हणा. मात्र मैदानातून सूचना आली की गाळणी काढून बघायची, असा नियम होता.

त्या सकाळी सूचना आली. पक्षी हाकलायच्या कामावर त्याचे साडूभाऊच होते, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनी फोन करून सांगितलं की एक पक्षी मघापासून एकाच जागी थांबलाय, पंख काही हलवत नाही. रडारवाला खो खो हसला. "पडदा साफ आहे, भाऊ. तुम्ही घारी हाकला, रडार मला शिकवू नका."

दहा मिनिटांत उतरत्या विमानाची पुढची काच तडकली. ड्रोनच होतं ते. विमान कसंबसं टेकलं, पण वैमानिकाच्या गालाला सात टाके पडले.

चौकशी बसली. फोन आतल्या लाइनवरचा, त्याची नोंद कुठेच नव्हती. फोन केला नसेल तर साडूभाऊंची नोकरी जाणार, केला असेल तर याची. याने बायकोलाही खरं सांगितलं नव्हतं. फोन आलाच नाही, एवढं एक वाक्य घोटून घोटून तो आत गेला.

चौकशीच्या बाईंनी फोन आला नाही, अशा जबाबाचा कागद सहीसाठी पुढे सरकवला. साडूभाऊ स्वतःच सांगून गेले होते म्हणे, फोन करायचा राहिला. याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मेल्याने सही केली, आणि हात जरासुद्धा थरथरला नाही, याचीच त्याला जास्त लाज वाटली.

बाहेर बाकावर साडूभाऊ टोपी मांडीवर घेऊन बसले होते. "सुटलास ना? माझी दोनच वर्षं राहिली होती, तुझी पोरं अजून शिकतायत." मग हळूच म्हणाले, "पण यापुढे कुणी फोन केला, तर हसू नकोस बाबा."

त्याला मान वर करवेना. तसाच मागे फिरला आणि न विचारता दार ढकललं.

"मॅडम, तो कागद परत द्या," तो म्हणाला. "फोन आला होता. मी हसलो होतो."