बुधवारची पंगत

शिल्पाला घरी परत न्यायचं, एवढ्या एकाच कामासाठी मी वॉटफर्डहून बर्मिंगहॅमला गेले होते. डॉक्टरांची मुलगी स्क्वॉटमध्ये राहते, हे मी महाराष्ट्र मंडळात कुणाला कळू दिलं नव्हतं.

"स्क्वॉट नाही आई, आता लीगल आहे," असं तिचं पालुपद. म्हणजे पूर्वी या पोरांनी रिकाम्या घरात घुसून ठाण मांडलं होतं, आणि कौन्सिलनं कंटाळून शेवटी ते घर त्यांनाच भाड्यानं देऊन टाकलं. यात अभिमान वाटण्यासारखं काय आहे, ते मला आजही समजलेलं नाही.

दर बुधवारी तिथे आजूबाजूच्या लोकांसाठी जेवण असायचं. चहाच्या किमतीत पोटभर, आणि सगळं व्हीगन. दूध, दही, तूप, काही म्हणून नाही.

"आधी जेव, मग बोलू," शिल्पा म्हणाली. त्या दिवशीचा स्वयंपाक पहिल्यांदाच तिच्या एकटीवर सोपवला होता. आमटी छान झाली होती. तुपावाचून छान झाली याचा मला जरा रागच आला.

पण वाढणं बघवेना. माणसं रांगेनं येत, एकेक डाव घेत आणि मुकाट्यानं जाऊन बसत. "अजून घ्या" म्हणायला कुणी नाही. मी शिल्पाच्या हातातून डाव काढून घेतला.

समोर नाकात रिंग घातलेला एक उंच मुलगा होता. एक डाव घेऊन झाल्यावर "नो, थँक यू," म्हणाला. पहिलं नको हे रीतीचं असतं, एवढं आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतं. मी दोन डाव वाढले. "नो, रिअली," म्हणाला. लाजतोय बिचारा, म्हणून आणखी एक. त्यात अन्न टाकायचं नाही असा त्या घराचा नियम, त्यामुळे सगळे घाम पुसत पुसत ताटं संपवत होते. कित्येक वर्षांनी पंगत वाढल्याचं सुख मिळालं मला.

मग पातेल्याचा तळ लागला. रांगेत निम्मी माणसं तशीच उभी. सगळ्यांत मागे हॉस्पिटलात साफसफाई करून थेट आलेल्या बायका.

"आई, हे लोक पुन्हा कसे येणार?" शिल्पा रिकाम्या पातेल्याकडे बघत म्हणाली. "आणि मला कुकिंग कोण देणार आता?"

मी पार वरमले. "बेसन मिळेल का इथे?" एवढंच विचारलं.

कोपऱ्यावरच्या दुकानातून बेसन आलं. ज्यांना पोटामुळे जागचं हलवत नव्हतं, त्यांना मी कांदे चिरायला बसवलं. पिठल्याला दूधही लागत नाही आणि तूपही. भात शिल्लक होता. या वेळी डाव शिल्पाच्या हातात होता. एकेकच वाढत होती, आणि त्या बायका आपणहून मागून घेत होत्या. सगळ्यांना पुरलं.

भांडी विसळताना मी विषय काढला. "घरी चल, शिल्पा."

"नाही, आई."

"तुझी खोली तशीच ठेवलीय गं."

"नको, आई. माझं घर इथे आहे. आय ॲम हॅपी."

तिसऱ्यांदा विचारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात तो रिंगवाला मुलगा दिसला. अजून पोट धरूनच बसला होता. मी तोंड मिटलं. वाईट वाटलं, फार वाटलं.

"नेक्स्ट वेन्सडेला येशील?" शिल्पानं विचारलं. "पिठलं करायला?"

"छे गं, मी कुठे एवढ्या लांब येऊ."

"ओके," ती म्हणाली आणि ताटं पुसायला लागली.

मी कोट घातला. बटणं लावली. दारापर्यंत गेले आणि परत आले.

"शिल्पा," मी म्हणाले, "अजून एकदा विचार ना."