सगळं गाव

सकाळच्या भाकरी थापून केशरबाईनं हात धुतले, तोच सरपंच अण्णासाहेब दारात उभे. बौद्ध वस्तीत हे पाय एरवी फक्त मतं मागायलाच यायचे! सोबत एका जागतिक संस्थेचे साहेब होते. आष्टीजवळच्या या गावातली बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, जगातल्या जतन करण्याजोग्या वास्तूंच्या यादीसाठी निवडली होती. माहितीच्या कागदावर प्रत्येक समाजातल्या एका जुन्या माणसाची सही हवी, असा संस्थेचा नियम होता.

"केशरबाई, इथं सही करा. जल्दी करा, साहेबाला जालन्याला जायचंय."

केशरबाई साठीत प्रौढवर्गाला जाऊन सही शिकलेली. वाचायचं काम मात्र सुनेचं. सत्यशीला शाळेत शिक्षिका होती. तिनं कागद मोठ्यानं वाचला, "सगळं गाव या बारवेचं पाणी पीत असे."

"कोन म्हन्लं हे?" केशरबाईनं विचारलं.

"म्या सांगितलं," अण्णासाहेब म्हणाले. "खोटं हाये का?"

आणि गंमत बघा, अण्णासाहेब आपल्या परीनं खरंच बोलले होते. त्यांच्या तोंडी गाव म्हणजे वेशीच्या आतलं. बाहेरची वस्ती त्यात त्यांच्या बापानं धरली नव्हती, आज्यानंही नाही. परगावच्या साहेबांना हे कुठून कळावं? त्यांनी विश्वासानं लिहून घेतलं. चीड येते ती आपल्यासारख्या शिकलेल्यांची. आपणही 'सगळं गाव' हे दोन शब्द रोज बिनदिक्कत बोलतो.

"साहेब, निजामाचं राज व्हतं तव्हा," केशरबाई सांगू लागली. "माझी माय बारवेच्या वर घागर घिऊन बसायची. उतरायची बंदी. कोन्या बाईला दया आली तं ती वरून वतायची. येक डाव माय तापानं पडली, म्हनून म्या धा वर्साची पोर तीन पायऱ्या उतरले. ह्या अण्णासाहेबाच्या वडलानं काठीनं हानलं, अन् आमच्या वस्तीचं पानीच तोडलं. नाल्याचं पानी पिऊन माय गेली माझी."

साहेब चुळबुळले. "आजी, वाईट झालं. पण ही वारशाची माहिती आहे."

"वारसा म्हंजी काय गं, सत्यशीला?"

"मागच्या लोकांनी आपल्यासाठी ठेवलेलं, आत्या."

"मंग माझ्या मायनं मला हेच ठिवलंय. लिव्ह."

"जुनं कशाला उकरून राह्यल्या?" अण्णासाहेब चढ्या आवाजात म्हणाले. "गावाचं नाव जगात जाऊन राह्यलं. तुमच्यापायी बेइज्जती व्हायची."

"नाव जाऊ द्या की. पर माझ्या मायसकट जाऊ द्या."

साहेबांनी खाली बघत पेन पुढे केलं. सत्यशीलानं 'सगळं गाव' या शब्दांवर काट मारली आणि खाली लिहिलं, 'वेशीबाहेरच्या वस्तीला या पायऱ्या उतरायची बंदी होती. उतरलेल्या मुलीला मारलं आणि वस्तीचं पाणी तोडलं.'

"असा कागद पुढं जायचा न्हाई," अण्णासाहेबांनी दरडावलं.

"मंग बारव बी जायची न्हाई," केशरबाई म्हणाली, आणि एकेक अक्षर सावकाश काढत तिनं त्या ओळीखाली आपलं नाव लिहिलं.